मधलं नाव

आई गेल्यानंतर मी बाबांना इकडे क्वेकर्स हिलला घेऊन आले. घेऊन आले म्हणजे अक्षरशः हाताला धरून आणलं. "तिथे माझं काय काम?" हे पालुपद पुण्याच्या घराला कुलूप लावल्यापासून सिडनीच्या इमिग्रेशनच्या रांगेपर्यंत चालू होतं. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बाबा, काम मी शोधून देईन, पण आता जरा गप्प बसा." ते गप्प बसले आणि काम त्यांनी स्वतःच शोधलं.

आमच्या भागात लोक नको झालेलं सामान घरासमोरच्या गवतावर आणून टाकतात आणि ठरलेल्या दिवशी कौन्सिलची गाडी ते उचलून नेते. गाद्या, खुर्च्या, चांगली धडधाकट कपाटं. बाबा जन्मभर कारखान्याच्या टूलरूममध्ये काम केलेले. चांगलं लाकूड उघड्यावर भिजताना बघून त्यांचा जीव तुटायचा. कुणाच्या कपाटाचं दार, कुणाच्या पलंगाची फळी असं एकेक उचलून आणून त्यांनी माझं गॅरेज भरून टाकलं. लाकूड आत आणि माझी गाडी उन्हात. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. मग एका शनिवारी मी वूलीज सुपरमार्केटची पिशवी घेऊन दारात आले तर दारावर पाटी. पटाशीने कोरलेली, घोटून घोटून गुळगुळीत केलेली. माझं नाव, मध्ये त्यांचं, शेवटी आडनाव.

"बाबा, इथे दारावर नावं लावत नाहीत. नंबर असतो."

"नंबर कैद्याला असतो," बाबा म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

मधल्या नावाने मला या देशात कमी पिडलेलं नाही. पासपोर्टवर माझं आणि बाबांचं नाव एका ओळीत आहे, त्यामुळे इथल्या कॉम्प्युटरांना ती दोन्ही माझीच नावं वाटतात. मेडिकल सेंटरमधली नर्स बाहेर येऊन चक्क बाबांच्या नावाने हाक मारते आणि मी निमूट उठून आत जाते. ऑफिसात एकाने विचारलं, मिडल नेम छान आहे, अर्थ काय त्याचा? म्हटलं, "मेट, त्याचा अर्थ माझा बाप." लग्नानंतर मी ते बदललं नव्हतं, आणि पुढे घटस्फोट झाला तेव्हा परत बदलायची कटकट वाचली. बाबांना यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. माणसाचं नाव म्हणजे तीन शब्द आणि त्यातला मधला बापाचा, याहून वेगळं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यात शिरतच नसे. समोरच्या पंजाबी ड्रायव्हरला पाटी करून दिली, कोपऱ्यावरच्या फिलिपिनो नर्सला दिली, आणि प्रत्येकाला आधी विचारलं, "फादर्स नेम?" लोक गोंधळायचे, पण सांगायचे. म्हाताऱ्या माणसाला कोण नाही म्हणणार?

आमच्या डाव्या हाताचं घर अंकलचं. मूळचे हाँगकाँगचे, ऐंशी कधीच ओलांडलेली, बायको गेलेली, मूलबाळ नाही. बाबांचं इंग्रजी कारखान्यातलं आणि त्यांचं हाँगकाँगच्या गोदीतलं, त्यामुळे दोघांचं छान जमलं. क्रियापदं दोघांनाही लागत नसत. "गुड वुड." "व्हेरी गुड." "टी?" "टी." कुंपणावरून लिंबं इकडे यायची आणि बाबांचा रंधा तिकडे जायचा. आई गेल्यापासून बाबांना असं कुणाची वाट बघताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी गॅरेजबद्दल बोलायचं सोडून दिलं.

अंकलना जगात एकच माणूस होतं, त्यांची थोरली बहीण. नव्वदीच्या आसपासची, काठी न घेता चालणारी. दर रविवारी ॲशफील्डहून ट्रेनने यायची, खांद्याला सूपचा थर्मास. आल्या आल्या भावाचा फ्रिज उघडून शिळंपाकं बाहेर काढायची आणि त्याला झापायची. आमच्याकडे ती तिकीट तपासनिसासारखी बघत असे. मी आपली घाबरून "हॅलो आंटी" म्हणायची. अंकल मात्र शनिवारपासूनच खूश. अंगण झाडून ठेवायचे, केस कापून यायचे. एकदा मला म्हणाले, "आमच्या घरातलं सगळं ठाऊक असलेली ती एकटीच उरली आहे. ती गेली की मी कुणाचाच नाही."

बाबांनी त्यांनाही विचारलंच. मी वाळत घातलेले कपडे काढत होते, म्हणून मला ऐकू आलं. "फुल नेम. युवर नेम, देन फादर्स नेम." अंकलनी मागे वळून स्वतःच्या घराकडे बघितलं, जणू आत कुणी ऐकत होतं. मग हळू आवाजात एक नाव सांगितलं. बाबांनी ते दोनदा म्हणायला लावलं आणि फळीच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून घेतलं.

पाटी झाली त्या दिवशी दुपारी बाबा ती द्यायला गेले आणि पाच मिनिटांत मला बोलवायला परत आले. "चल बरं जरा. तो रडतोय. मला काही कळत नाहीये." अंकल किचनच्या टेबलाशी बसले होते, पाटी समोर. मला म्हणाले, "मी सांगतो ते तुझ्या वडिलांना नीट सांग. त्यांनी विचारलं आहे, तर त्यांना कळायला हवं." मग ते बोलत गेले आणि मी एकेक वाक्य मराठीत करून बाबांना सांगत गेले.

हाँगकाँग तेव्हा इंग्रजांचं होतं. लढाईत ते जपान्यांनी घेतलं. अंकलचे वडील त्याआधी एका जपानी दुकानात नोकरीला होते, त्यांना ती भाषा यायची, म्हणून जपानी पोलिसांनी त्यांना दुभाष्या केलं. घरात तांदूळ आला. बाहेर लोक उपाशी मरत होते. लढाई संपली, इंग्रज परत आले आणि ज्यांनी जपान्यांची चाकरी केली त्यांची धरपकड सुरू झाली. वडिलांनाही नेलं. तितक्यात सरहद्दीपलीकडच्या चीनच्या सरकारने मागणी केली, की आमच्यातले जे फितूर तुमच्याकडे आहेत ते आमच्या ताब्यात द्या, त्यांचा न्याय आम्ही करू. अंकलचे वडील जन्मले होते सरहद्दीपलीकडच्या खेड्यात. इंग्रज म्हणाले, हा आमचा नाही, घेऊन जा.

"इथे जन्मले असते तर इथेच खटला झाला असता," अंकल म्हणाले. "कदाचित वाचले असते."

ज्या दिवशी त्यांना ट्रेनने पाठवलं त्या दिवशी अंकलची आई दोन्ही मुलांना घेऊन स्टेशनवर गेली होती. थंडीचे दिवस, म्हणून नवऱ्यासाठी कापूस भरलेला जाड कोट घेतला होता. पण फलाटावर ही गर्दी, लोक शिव्या देत होते, थुंकत होते. हात बांधलेली माणसं रांगेने चालली होती. आईने कोट पोटाशी धरला आणि ती तशीच उभी राहिली, ओळख न दाखवता. अंकलना वडील दिसले. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीने हाताने त्यांचं तोंड दाबलं. गाडी सुटेपर्यंत दाबून धरलं.

पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. गोळी घातली असं कुणी म्हणायचं, तुरुंगात आजारी पडून गेले असं कुणी. आईने घर बदललं, मुलांना माहेरचं आडनाव लावलं. वडिलांचं नाव घरात कुणी घेतलं नाही. इथे आल्यावर आई वारली, तिच्या थडग्याच्या दगडावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या नावांची जागा असते. त्यातली एक बाजू अजून कोरी आहे. अंकलनी किती वेळा विनवलं, पण बहीण ते नाव कोरू देत नाही.

बाबा सगळं ऐकून घेत होते. मग मला म्हणाले, "विचार, खरंच केलं होतं का त्यांनी काही?"

मला हे विचारायची लाज वाटली, पण विचारलं. अंकल म्हणाले, "माहीत नाही. माझ्या बहिणीला माहीत असावं. मी लहान होतो. मला एवढंच आठवतं, की ते मला खांद्यावर बसवून बंदरावर नेत."

"असेल केलं," बाबा म्हणाले. "पण बाप काय माणूस निवडून घेतो होय? जो मिळाला त्याचंच नाव लावायचं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. अंकलनी बाबांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. संध्याकाळी त्यांनी पाटी दारावर ठोकली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी समोर झाडांना पाणी घालत होते. बहीण फाटकातून आली, पायऱ्या चढली आणि दारापाशी थांबली. मग तिने हात वर केला आणि तळवा पाटीच्या मधल्या नावावर ठेवला. नाव पूर्ण झाकलं गेलं. अंकल दार उघडून उभे होते.  मला पाणी बंद करायचं भान राहिलं नाही, सगळं पाणी माझ्या चपलांवरून वाहत होतं. मग तिने थर्मास पायरीवर ठेवला आणि आत न जाताच स्टेशनकडे चालू लागली.

पुढचा रविवार आला, ती आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. ती अंकलचा फोन उचलत नव्हती. एकदा ते थर्मास घेऊन ॲशफील्डला गेले आणि थर्मास घेऊनच परत आले, तिने जाळीचं दार उघडलंच नव्हतं. अंगण झाडणं बंद झालं. मी बाबांवर भडकले. "कशाला ही नसती उठाठेव? सगळ्या जगाला बापाचं नाव विचारत फिरायचं. इथे नसतं विचारायचं, किती वेळा सांगितलं." बाबा त्या रात्री जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि रागही गेला नाही.

शेवटी अंकलच पाटी काढून घेऊन आले. "हे मधलं तेवढं घासून काढता येईल?" त्यांनी विचारलं. म्हणाले, "वडील गेलेच आहेत. बहीण अजून आहे."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी पाटी हातात घेतली, उलटसुलट केली. "कुणाच्या बापाचं नाव माझ्या हाताने खरवडणार नाही," ते म्हणाले. "ही मी ठेवून घेतो. त्यांना दुसरी करून देतो." आणि दुसरी केली, दोनच शब्दांची. त्यांच्या आयुष्यातली ती पहिलीच असावी. पण ती हातात घेतली तेव्हा मला दिसलं, की नाव आणि आडनाव यांच्यामध्ये भलीमोठी जागा सुटली आहे, बरोबर एका नावाएवढी.

"बाबा, हे काय केलंत?"

"सवयीने हात पुढे सरकला," बाबा म्हणाले. ते स्वतःवरच चिडलेले होते. "लाकूड आहे, परत मागे कसं घेणार?"

अंकलनी ती तशीच लावली आणि बहिणीच्या फोनवर निरोप ठेवला, की पाटी बदलली आहे, ये. त्या रविवारी ती आली. बाबा माफी मागायची म्हणून आधीच अंकलच्या दारात जाऊन उभे होते आणि मी त्यांची दुभाषी म्हणून त्यांच्यामागे. तिने पाटी पाहिली. पहिल्यासारखाच हात वर केला, मधल्या कोऱ्या जागेवर तळवा ठेवला आणि मग हळूहळू काढून घेतला. पायऱ्यांवर बसली. 

ती बोलली ते इंग्रजीत, भावाकडे न बघता, माझ्या बाबांकडे बघत. आपल्या भाषेत सांगणं तिला जमत नसावं.

"त्याला वाटतं मी घाबरून त्याचं तोंड दाबलं. मी घाबरले नव्हते. वडिलांनी आम्हाला पाहिलं होतं. हा तोंड उघडणार हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणाले. लोकांना कळलं असतं आम्ही कुणाची मुलं, तर तिथेच मारलं असतं. मी त्यांचं सांगणं ऐकलं."

मी बाबांना मराठीत सांगत होते. अंकल दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "हे मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी तुझ्यावर..." 

"सांगितलं असतं तर तू त्यांच्यावर माया केली असतीस," ती म्हणाली. "आपल्या खालच्या मजल्यावर एक बाई राहायची. तिचा नवरा शाळामास्तर. वडिलांनी त्याचं घर जपान्यांना दाखवलं, ते मी पाहिलं. तो परत आला नाही. ती बाई तुला कडेवर घेऊन भाताची पेज पाजायची. त्यांच्यावर माया करणारी मी एकटी पुष्कळ होते. त्यात तू नको होतास मला. तू माझा राग केलास तरी चालणार होतं."

 अंकल खाली उतरले आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांना मांडी घालता येत नव्हती, त्यांचे पाय लांब पसरलेले होते. बाबा मला म्हणाले, "चल. आता इथे आपलं काम नाही." आम्ही घरी आलो. बाबा गॅरेजमध्ये गेले, पण रंध्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर रविवार पुन्हा सुरू झाले. थर्मास आता दोन असायचे, एक आमच्यासाठी. आईच्या थडग्याच्या दगडाची ती बाजू कोरीच राहिली. अंकलनी परत कधी विनवलं नाही. "ती मास्तरची बाई कुठे पुरली असेल?" एवढंच एकदा मला विचारलं, आणि मी काय सांगणार?

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला बहीण एकटीच आमच्या दारात आली. बाबांना म्हणाली, "मलाही एक पाटी करून द्या. तीन नावांची. मध्ये जागा सोडू नका." बाबांनी विचारलं, दारावर लावायची का? तिने मान हलवली. "दारावर नाही. बरोबर न्यायची आहे." मी ते मराठीत करेपर्यंत बाबांना समजलंच होतं. त्यांनी त्यासाठी एक सागवानी फळी काढली, कधीतरी कुणाच्या तरी पलंगाची. एकेक अक्षर असं सावकाश कोरलं की मी म्हटलं, एवढा वेळ तर माझ्या पाटीलाही लावला नव्हता. ते हसले नाहीत.

ती त्याच थंडीत गेली, झोपेतच. पाटी तिच्या कपाटात निघाली, शेवटचे कपडे घडी करून ठेवले होते त्यांच्यावर. अंकलनी ती शवपेटीत तिच्या हातांखाली ठेवली, नावं वरच्या बाजूला. ज्या नावावर तिने जन्मभर हात ठेवला होता ते नाव घेऊन ती निघाली होती.

दफनाला आम्ही, तिच्या शेजारच्या काही बायका आणि ते काम करणारी माणसं, एवढेच होतो. आईच्या शेजारची जागा. वारा झोंबत होता. बाबांनी आपला मफलर अंकलच्या गळ्यात घातला होता. पट्ट्यांवरून पेटी खाली जाऊ लागली तसे अंकल पुढे सरकले आणि मोठ्याने ओरडले, "बा-बा!"

त्या बायकांनी माना खाली घातल्या. बहीण गेली आहे आणि म्हातारा बापाला हाका मारतोय, भ्रम झाला बिचाऱ्याला, असंच त्यांना वाटलं असणार. काळ्या कोटातला माणूस त्यांना धरायला पुढे झाला तसा बाबांनी त्याचा हात अडवला. त्यांच्या भाषेतही वडिलांना बाबाच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं, पण बाबांना कुणी सांगायला लागलं नाही. "मारू दे त्याला हाक," ते मराठीतच त्या माणसाला म्हणाले.

अंकलनी आणखी एकदा हाक मारली, मग आणखी एकदा. आता त्यांच्या तोंडावर हात ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं.